उमेदवारीचा हिशेब

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळा संपली, वय अठरा, यंत्रावरचं काम आवडतं. कॉलेजात जावं की सरळ अप्रेंटिसशिप घ्यावी? दोन ठिकाणांहून होकार आलाय. एक मोठा कारखाना, तिथे स्टायपेंड जास्त. दुसरं दहाबारा माणसांचं वर्कशॉप, तिथे कमी. वडील म्हणतात, ‘दोन वर्षं फुकटात राबवतील आणि मग घरी पाठवतील.’ आणि शेवटी तू हळूच विचारलंयस की या वाटेने गेलेलं माणूस जन्मभर मशीनपाशीच उभं राहतं का.

मी स्वतः अप्रेंटिस होतो. पुढे पंचवीसेक वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवायच्या विभागात, अप्रेंटिस माझ्या हाताखाली शिकले. काही घडले, काही माझ्यामुळे बिघडले, त्यातल्या एकाची गोष्ट खाली सांगतो. वयाने तू माझ्या मुलीएवढी, म्हणून अगंतुगं करतोय.

आधी वडिलांच्या शंकेकडे वळू. ती खोटी नाही. आपल्या भाषेत या प्रकाराला ‘उमेदवारी’ म्हणायचे. उमेद म्हणजे आशा. जुन्या कचेऱ्यांत जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी लेखणी झिजवणारा तो उमेदवार. पुढे निवडणुकीला उभे राहणाऱ्यांनी तो शब्द पळवला, पण आशेवर राबणं ही त्याची मूळ खूण राहिलीच. वडिलांना तेच दिसतंय. त्यांना दिसत नसलेला भाग असा, की सुरुवातीला राबवणाऱ्याच्याच खिशातून पैसा जात असतो.

बघ कसं. नवी पोर कामावर आली की पहिले काही महिने ती कारखान्याला महाग पडते. ती स्वतः कमी काम करते हा त्यातला छोटा खर्च. मोठा खर्च म्हणजे शेजारचा कसलेला कारागीर स्वतःचं काम थांबवून तिला दाखवत असतो, त्याचा वेळ जातो. शिवाय माल खराब होतो, टूल मोडतं, मशीन उभं राहतं. हळूहळू हात बसतो, आणि एक दिवस असा येतो की ती जेवढं काढून देते तेवढं तिच्यावर खर्च होत नाही. तिथून पुढे कारखाना आपली उधारी वसूल करायला लागतो. सगळी अप्रेंटिसशिप म्हणजे हा उधारीचा व्यवहार आहे. आधी ते तुला देतात, नंतर तू फेडतेस. जिथे हा व्यवहार सरळ चालतो तिथे दोघांचं भलं होतं. जिथे पहिला भाग गाळून थेट वसुली सुरू होते, तिथे वडील म्हणतात ते खरं.

हे काही आजचं शहाणपण नाही. इंग्लंडमध्ये १५६३च्या कायद्याने अनेक धंद्यांना किमान सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती, आणि ती सक्ती १८१४मध्ये उठली. एवढ्या लांब मुदतीत उस्तादाला शेवटच्या वर्षांत आपला खर्च काढून घेता येई. १७७६मध्ये अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने नेमकं यावरच बोट ठेवलं. त्याचं म्हणणं, एवढी वर्षं लागतच नाहीत. मेहनतीचा मोबदला हातात पडत नाही म्हणून पोरगं आळशी होतं. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून जेवढं काम तेवढे पैसे द्या आणि खराब केलेल्या मालाचे कापून घ्या. पहिल्या अर्ध्याशी मी सहमत. दुसऱ्याशी नाही. मालाचे पैसे कापायला लागलं की पोरं चूक लपवायला शिकतात, आणि लपवलेली चूक पुढे गिऱ्हाइकाकडे जाऊन फुटते.

आजही हा हिशेब देशागणिक वेगळा बसतो. सरासरी जर्मन कंपनी अप्रेंटिसच्या काळात पैसे घालवते, आणि शिकलेलं पोर नोकरीत ठेवून ते भरून काढते. स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक कंपन्यांचा खर्च शिकण्याच्या काळातच निघतो, कारण तिथली पोरं लवकर खऱ्या, पैसे मिळवून देणाऱ्या कामाला लागतात आणि त्यांचं विद्यावेतन पूर्ण कारागिराच्या पगारापुढे बरंच कमी असतं. म्हणजे कमी स्टायपेंड ही दरवेळी लबाडीच असते असं नाही. त्या बदल्यात शिकवलं जातंय का, एवढं बघायचं. स्वित्झर्लंडमधली दोनतृतीयांशाच्या आसपास मुलं शाळेनंतर व्यावसायिक शिक्षणाची वाट धरतात. फसवणूक होत असती तर पुढच्या पिढीला आईबापांनी त्या वाटेला पाठवलं नसतं.

आता माझी चूक सांगतो. एक मुलगा आला, हात फार चांगला. दुसऱ्या महिन्यातच एका मिलिंग मशीनवर, म्हणजे धातू कापणाऱ्या यंत्रावर, जॉब (कामाचा तुकडा) लावायचा, काढायचा, मापायचा, सगळं सफाईने करू लागला. सहा आठवड्यांनी त्याला दुसरीकडे हलवायचं ठरलेलं होतं. पण माल जायची घाई होती आणि त्याच्या हातून तुकडा रिजेक्ट होत नव्हता. म्हटलं, हा महिना जाऊ दे. तो ‘हा महिना’ नऊ महिने चालला. अकराव्या महिन्यात त्याला ड्रॉइंग दाखवून विचारलं की हे कसं धरशील, सेटिंग कसं करशील, तर तो गप्प. त्याला फक्त लावणं आणि काढणं येत होतं, तेही झकास. ढ पोराला आम्ही चार ठिकाणी फिरवलं, कारण कुणालाच ते नको होतं, आणि शेवटी ते जास्त शिकून गेलं. हे लक्षात ठेव: कामाला चांगली निघालीस की तुला हलवणार नाहीत. त्यात कुणी वाईट नसतं, तू उपयोगाची असतेस एवढंच. तेव्हा फिरवण्याचं वेळापत्रक करारात लिहिलेलं असावं, आणि तारीख उलटली की तू स्वतः जाऊन आठवण करावी. अशी आठवण करणाऱ्या पोरांचा मला राग यायचा. तरी करावी.

म्हणून जागा कशी आहे हे जोखायला मी एकच गोष्ट बघतो. बाराव्या महिन्याचं काम दुसऱ्या महिन्याच्या कामापेक्षा अवघड आहे का? काम चढतं असलं तर ती अप्रेंटिसशिप. सपाट असलं तर ती स्वस्त मजुरी, मग पाटीवर नाव कुणाचंही असो.

कॉलेजात हे शिकता येणार नाही का, असंही तुझ्या मनात असेल. बरंचसं येईल. धातूचे गुण, गणित, ड्रॉइंग हे वर्गात चांगलं शिकवतात, कारखान्यापेक्षा कितीतरी चांगलं. पण एक जात असते ज्ञानाची, जी उभ्या माणसाशेजारी उभं राहूनच येते. मी उमेदवारीत असताना एका जवळजवळ तयार जॉबमध्ये हाताने आटे पाडत होतो. शेवटचं भोक, आणि आटे पाडायचं हत्यार, टॅप, आतच तुटला. चार दिवसांचं काम. मी तासभर तो जॉब फडक्याखाली झाकून ठेवला. उस्तादाने फडकं उचललं, ओरडला नाही. म्हणाला, ‘तुटायच्या आधी कुरकुरला होता का?’ कुरकुरला होता. मी ऐकलं होतं, पण ऐकून काय करायचं हे माहीत नव्हतं. मग त्याने दुसरा टॅप घेऊन भंगारातल्या तुकड्यावर मला हाताने जाणवून दिलं: अर्धा फेरा पुढे, जड लागलं की मागे, चिप (कापला गेलेला धातूचा कीस) तुटली की हाताला हलकं कळतं, मग पुन्हा पुढे. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं आहे. मीही वाचलं होतं. पण ‘जड’ म्हणजे किती जड, हे मनगटाला कळावं लागतं, आणि ते कळायच्या क्षणी शेजारी कुणीतरी असावं लागतं. असं माणूस मिळालं तर घ्यावी अप्रेंटिसशिप. नाही मिळालं तर कॉलेज बरं, निदान तिथे लायब्ररी असते.

आणखी एक गोंधळ आधीच मिटवून टाक. अप्रेंटिसशिप, इंटर्नशिप, ट्रेनी हे शब्द जाहिरातीत कसेही फेकतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून २०२३मध्ये दर्जेदार अप्रेंटिसशिपविषयी शिफारस क्रमांक २०८ मंजूर केली. त्यातला गाभा ओळखीचाच आहे: लेखी करार, कामावरचं आणि कामाबाहेरचं असं दोन्ही शिक्षण, मोबदला, कामाच्या तासांना मर्यादा, सुट्ट्या, अपघात झाल्यास भरपाई, आणि शेवटी मान्यता असलेली पात्रता. शिफारस आहे, कायदा नाही, त्यामुळे ती कुणाच्या तोंडावर फेकता येणार नाही. पण हातात आलेला करार तिच्याशेजारी ठेवून बघायला काय हरकत आहे? ‘कामाबाहेरचं शिक्षण’ हा तुकडा लोक विसरतात. जर्मनीत आठवड्यातला एक-दोन दिवस व्यवसाय शाळेचा असतो. अमेरिकेत नोंदणीकृत अप्रेंटिसशिपला वर्षाला साधारण २,००० तास कामावर आणि किमान १४४ तास संबंधित शिक्षण असा दंडक सांगतात. तुला ज्या दिवशी थिअरी असेल तो दिवस कामाचा धरतात की तुझ्या सुट्टीतून कापतात, एवढं विचारलंस तरी त्या जागेचा अर्धा स्वभाव कळेल.

आता तुझी दोन पत्रं. मोठ्या कारखान्यात शिस्त असते, सुरक्षा असते, शिकवण्यासाठी वेगळा विभाग आणि बहुधा परीक्षेची तयारीही. धोका असा की तू एका यंत्राचा सुटा भाग होऊन जातेस, माझ्या त्या पोरासारखी. छोट्या वर्कशॉपमध्ये विविधता जबरदस्त. आज लेथ (तुकडा फिरवून कापणारं यंत्र), उद्या वेल्डिंग, परवा गिऱ्हाईक समोर उभं आणि ‘ताई, हे मोडलंय, करून द्या.’ दोन वर्षांत हात असा तयार होतो की बास. पण तिथे सगळं एका माणसावर असतं. तो शिकवणारा असला तर सोनं, तिरसट असला तर दोन वर्षं शिव्या खात लादी पुसायची. आणि तो आजारी पडला किंवा सोडून गेला तर तुझं शिक्षण तिथेच थांबलं.

त्यामुळे मोठं की छोटं यावर मी निकाल देणार नाही. दोन्हीकडे काम चालू असताना जा आणि दुसऱ्या वर्षाच्या अप्रेंटिसला भेट. ऑफिसातल्या माणसाला नको, त्याला बोलायचाच पगार असतो. त्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलीला विचार, गेल्या आठवड्यात नवीन काय केलंस? उत्तर पटकन आलं तर जागा चांगली. विचार करावा लागला तर समजून घे. मग मालकाला किंवा साहेबाला विचार, मला शिकवणार कोण? ‘आमचे सगळेच शिकवतात’ या उत्तराचा अर्थ कुणीच शिकवत नाही असा होतो, हे मी खात्रीने सांगतो, कारण मीही पाहुण्यांना तसंच सांगायचो. एका माणसाचं नाव यायला हवं, आणि त्या माणसाला त्यासाठी वेळ काढून दिलेला असायला हवा. आणि मागच्या तुकडीतले आज कुठे आहेत, हेही विचार.

दुसऱ्या वर्षाचा अप्रेंटिसच नसेल, सगळे अर्ध्यातून गेलेले असतील, तर पुढचं काही विचारूच नकोस.

स्टायपेंडबद्दल. जास्त स्टायपेंडसाठी वाईट जागा धरू नये हे खरं, पण ‘शिकायला मिळतंय ना, पैशाचं काय’ असं म्हणणाऱ्या मोठ्या माणसांचं ऐकू नकोस, त्यांचं पोट भरलेलं असतं. माझ्याकडून अर्ध्यात गेलेल्या पोरांपैकी बरीचशी कामाला कंटाळून गेली नाहीत. येण्याजाण्याचे आणि खाण्याचे पैसे भागेनात म्हणून गेली. तेवढं भागतंय का, आधी कागदावर मांड. घरून किती मिळेल हेही लिही. भागत असेल तर त्यापुढचा फरक विसर.

मुलगी म्हणून दोन प्रश्न न लाजता विचार: कपडे बदलायची आणि स्वच्छतागृहाची वेगळी सोय आहे का, आणि रात्रपाळी लागली तर घरी कशी पोचवता. जिथे या प्रश्नावर हसतात तिथे जायचं नाही. बाकी फिरत्या मशीनपुढे केस बांधलेले, बाही घट्ट, अंगठी काढलेली आणि हातमोजे नाहीत. हातमोजे नाहीत हे ऐकून नव्यांना नवल वाटतं, पण फिरतं ड्रिल मोजा पकडतं आणि मोज्याबरोबर हात ओढून घेतं. पहिल्या दिवशी हे कुणी सांगितलं नाही, तर ती जागा कशी आहे तेही त्याच दिवशी कळलं असं समज.

नोकरीची हमी? बहुतेक ठिकाणी नाही. भारताच्या १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात २०१४च्या दुरुस्तीनंतर शिकाऊ उमेदवारांना नोकरीत घेण्याचं धोरण मालकच ठरवतो; करारात तशी अट लिहिलेली असेल तरच मालक नोकरी द्यायला बांधील असतो, आणि उमेदवारही ती करायला. या दुसऱ्या अर्ध्याकडे कुणी लक्ष देत नाही. अट नसेल तर तूही मोकळी असतेस. म्हणूनच शेवटी हाती येणारं प्रमाणपत्र त्या कंपनीच्या फाटकाबाहेर चालतं का, हा प्रश्न हमीपेक्षा मोठा आहे. जर्मनीत सव्वातीनशेच्या आसपास मान्य व्यवसाय आहेत आणि शेवटची परीक्षा मालक घेत नाही, त्या धंद्याची चेंबर, म्हणजे व्यावसायिकांची संस्था, घेते. त्यामुळे एका गावात शिकलेली फिटर दुसऱ्या टोकाला फिटरच ठरते. कंपनीने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेला दाखला हा छान कागद असतो, पण तो वाचणाऱ्याला ती कंपनी माहीत असावी लागते.

अर्ध्यातून सोडायची वेळ आलीच तर पहिल्या काही महिन्यांतच सोड. चांगल्या व्यवस्थेत त्यासाठी प्रोबेशन असतं, जर्मनीत ते एक ते चार महिन्यांचं असतं, आणि त्या काळात दोन्ही बाजू बिनबोभाट मोकळ्या होतात. दीड वर्ष कुढून मग सोडण्यात सगळ्यात जास्त नुकसान, कारण तोवर उधारी तू बरीच फेडलेली असतेस, आणि प्रमाणपत्र मात्र हाती आलेलं नसतं. बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला आणि १७२३मध्ये, सतराव्या वर्षी, करार मोडून पळाला. फिलाडेल्फियात त्याला टाइप जुळवता येतो एवढ्यावरच काम मिळालं. अर्थात त्या काळी कागद कुणी मागत नव्हतं. तुला मागतील.

जन्मभर मशीनपाशी उभं राहण्याची भीती मात्र मी झटकून टाकणार नाही. अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बऱ्याच देशांची तुलना आहे. व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना तरुणपणी काम लवकर मिळतं, पण वय वाढतं तशी ती आघाडी घटते आणि पुढे उलटतेही, विशेषतः जिथे अप्रेंटिसशिपचा जोर आहे तिथे. कारण सरळ आहे. तंत्र बदलतं, आणि ज्याला एकच तंत्र येतं तो अडकतो. मी हे डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे संगणकाच्या कंट्रोलवर चालणारी मशीनं आली तेव्हा लेथवरचे दोन सर्वोत्तम हात चाचपडले. ज्यांचं गणित आणि ड्रॉइंग पक्कं होतं ते महिन्याभरात प्रोग्राम लिहू लागले. त्यांचा हात मध्यमच होता.

तेव्हा त्रिकोणमिती सोडू नकोस. मॅन्युअल ज्या भाषेत येतात ती वाचायला शीक. आणि आत्ताच बघून ठेव की तुझ्या प्रमाणपत्रावरून पुढे कुठे चढता येतं. स्वित्झर्लंडने १९९४मध्ये व्यावसायिक मॅट्युरिटी ही पात्रता सुरू केली, तिच्यामुळे अप्रेंटिसला उपयोजित विद्यापीठाची वाट मिळाली. जर्मनीत मास्टर कारागिराची पात्रता त्यांच्या पात्रतांच्या राष्ट्रीय चौकटीत पदवीच्याच पातळीवर, सहाव्या, ठेवली आहे. तू राहतेस तिथे असा जिना आहे का, आणि असेल तर त्याची पहिली पायरी तुझ्या अप्रेंटिसशिपच्या प्रमाणपत्राला लागून आहे का, हे सही करायच्या आधी शोधायचं काम तुझं. जिना नसेल तर कॉलेजचं पारडं जड होतं, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

एक वही ठेव. कंपनीचं लॉगबुक वेगळं, त्यात सगळे ‘काम समाधानकारक’ असं लिहून पाट्या टाकतात. तुझ्या वहीत रोज एक ओळ, शक्यतो चुकलेल्या गोष्टीची. ‘भोक मापापेक्षा मोठं झालं. ड्रिलच्या दोन धारा सारख्या लांबीच्या नव्हत्या.’ दोन वर्षांनी मुलाखतीला जाशील तेव्हा समोरचा विचारील काय येतं, आणि बाकीची पोरं मशीनची नावं सांगतील.

दोन्हीकडचे करार सहीच्या आधी मागून घरी आण. द्यायला कां कूं करतील, तरी आण. आणि वडिलांपुढे ठेव. शंका त्यांची आहे, तर कलमंही त्यांनीच वाचू देत. फिरवण्याच्या तारखा, शिकवणाऱ्याचं नाव, थिअरीचा दिवस आणि अपघाताची भरपाई या चार गोष्टी जिथे स्पष्ट लिहिलेल्या सापडतील तिथे त्यांना पेन्सिलने खुणा करायला सांग. ज्या करारावर जास्त खुणा होतील, त्याच्याबद्दल मला पुन्हा लिही.